मेढीआडची मोटार

भैयाजी वाजंत्रीवाल्यांना सुपारी देऊन नागभीडहून परतले तेव्हा मोटार अंगणात होती आणि मांडवाची मेढ दारात होती. सकाळी ते निघाले तेव्हा मोटार अंगणातच होती, पण दारात काही नव्हतं. एवढ्याशा फरकाचा अर्थ भैयाजींच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. तो शिरला तेव्हा ते हातातली पिशवी घेऊन फाटकातच मटकन खाली बसले.

"दादा!" त्यांनी हाक मारली. "ही मेढ इथी कोनं गाडली?"

"मीनं," देवाजी म्हणाले. देवाजी म्हणजे भैयाजींचे थोरले भाऊ. घराण्यातली प्रत्येक रीत त्यांना तोंडपाठ होती, आणि एखादी विसरलीच तर तिथल्या तिथे नवी तयार करायलाही ते कचरत नसत. "मुहूर्त टळून चालला होता. जोशीबुवा घाई करून राह्यले होते. गाडली."

"अवो पन दारात? मधात गाडाची असते ना मेढ!"

"मधात तुही डबी उभी हाये," देवाजी शांतपणे म्हणाले.

ते खरंच होतं. अंगणाच्या बरोबर मधोमध, ओसरीतून, माजघरातून आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही दिसेल अशा जागी, भैयाजींनी स्वतःच ती उभी करवली होती. उरलेल्या अंगणात एका अंगाला लग्नाच्या चुली खणल्या होत्या, दुसऱ्या अंगाला बोहलं घातलं होतं. मोकळी भुई राहिली ती फक्त फाटकाच्या दाराशी.

"मंग जराशी ढकलाची होती मोटार!"

"तूच सांगून गेला ना, कोनी हात लावाचा नाई म्हनून? हात लावला अन् सुरू झाली तं? मुहूर्तावर मानसं चेंगरून घेऊ का मी?"

हात लावाल तर सुरू होईल, अशी धमकी गावातल्या पोरासोरांना त्यांनीच दिली होती. ती घरातल्या वडीलधाऱ्यांनीही मनावर घेतली असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ही मोटार म्हणजे भैयाजींच्या आयुष्यातली एकुलती एक उधळपट्टी. चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नागभीडला स्टेशनाच्या वाटेवर नूर मोहम्मद मिस्त्रीचं टपरीवजा दुकान होतं. नागपूरच्या एका डॉक्टरांनी विकायला काढलेली दोन दारांची, चार चाकांची, उभ्या माणसाच्या खांद्यालाही न लागणारी एक इवलीशी मोटार त्याने तिथे आणून ठेवली होती. भैयाजी तिच्याभोवती तीन बाजार घुटमळले.

"ये शेठ लोगों की गाडी नाई, भैयाजी," नूर मोहम्मद म्हणाला होता. "ये आम आदमी की गाडी हाये. विलायतेत मास्तर, पोस्टमन, भाजीवाला, सारे हिच्यातच फिरते. तुमी पाह्यजा, इथी बी एक दिन घरोघरी हेच राहीन. दोन बैलजोड्यांच्या मोलात मोटार! अन् हिले कडबा लागत नाई."

कडबा लागत नव्हता हे खरं, पण पाणी ती बैलाइतकंच पीत असे. चढ आला की थांबे, धापा टाके आणि बादलीभर पाणी प्यायल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसे. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव डबी ठेवलं. रात्री बिबट्याच्या भीतीने गुरं आत घेत, तशी भैयाजी मोटारही फाटकाच्या आत घेववत. चालवता त्यांना येत नव्हती. ते काम नूर मोहम्मदचं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर लेकीसाठी, आशासाठी. वीसेक वर्षांपूर्वी भैयाजींच्या पत्नी सुगंधाबाई नवरी होऊन या घरी आल्या, तेव्हा त्यांची रेंगी, म्हणजे छपराची छोटी बैलगाडी, गावच्या नाल्यात उलटली होती. नव्या नवरीने चिखलाने भरलेल्या लुगड्याने माप ओलांडलं. तेव्हापासून घरात पाहुणा आला आणि चहा झाला की सुगंधाबाई ती हकीगत सांगायच्या, आणि भैयाजी छपराच्या कौलांकडे पाहत बसायचे. लेकीच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून सिंदेवाहीच्या लटारू पाटलांच्या घरी सोयरीक पक्की झाली त्या बैठकीत, भरल्या ओसरीत, ते बोलून गेले, "आमची आशा मोटारीनं येईन!"

लटारू पाटलांनी पान तोंडात सारलं आणि होणाऱ्या व्याह्यांना ते एवढंच म्हणाले, "येऊ द्या ना, इवाई. पाहू."

तो 'पाहू' भैयाजींना काट्यासारखा टोचत होता. पण खरं सांगायचं तर त्याहून खोल टोचणारं काहीतरी वेगळंच होतं. नवरदेव डोमा त्या बैठकीत एक शब्द बोलला नव्हता. बांबूसारखा उंच मुलगा, दारातून वाकून आला, बसला, विचारलं तेव्हा मान हलवली आणि वाकून गेला. पोरगं चांगलं आहे की नुसतं उंच आहे, हे भैयाजींना काही कळलं नव्हतं. लेक तर द्यायची ठरली होती. मग निदान मोटार तरी पाठीशी असावी, असं त्या भाबड्या बापाला वाटत होतं.

आणि आता मोटार मेढीआड होती.

"मेढ काढून सरकवू," भैयाजी म्हणाले.

हे ऐकून सुगंधाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "काय म्हनता? गाडलेली मेढ काढता? हळद लागली पोरीले! आता मांडवपरतनी होयेपर्यंत तिले कोनी बोट लावाचं नाई!"

"मंग भिंत पाडू थोडीशी."

"लग्नघरी भिंत पाडाची? इवाई म्हनतीन, घर फुटलं यायचं!"

"मंग उचलून काढू वरून. हलकीच तं हाये."

देवाजींनी वर बोट दाखवलं. मेढीच्या नादात भैयाजींनी अजून वर पाहिलंच नव्हतं. मांडवडहाळ्यांच्या गाड्या दुपारीच आल्या होत्या. जांभळीच्या आणि मोहाच्या हिरव्यागार फांद्यांनी अंगण या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गच्च शाकारलं होतं. त्याखाली डबी सावलीत बसलेल्या म्हशीसारखी निवांत उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नूर मोहम्मद हत्यारांची पेटी घेऊन आला. त्याने मेढ आणि फाटकाचा खांब यांच्यामधली जागा दोरीने मोजली, मग तीच दोरी मोटारीला लावली, आणि दाढी कुरवाळत म्हणाला, "चार बोटं कमी हाये. काई फिकीर नाई. मडगार्ड काढू."

त्याने चारही मडगार्ड काढले. मोटार पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसू लागली. मग तो आत बसला, गावातल्या आठ-दहा जणांनी हात लावला, आणि डबी हळूहळू दाराकडे सरकली. नाक गेलं. पुढची चाकं गेली. भैयाजींनी डोळे मिटून ग्रामदेवतेला नारळ बोलला. तेवढ्यात मोटारीच्या दाराची कडी मेढीला अडकली, मेढ कुरकुरली, सगळा मांडव उजवीकडे झुकला आणि जांभळीची एक भली मोठी डहाळी देवाजींच्या पागोट्यावर येऊन पडली.

बायकांनी एकच कालवा केला. "मागं घ्या! मागं घ्या!" देवाजी फांदीखालून ओरडले. "मेढीले धक्का लागला! आता पुन्हा पूजा करा लागते!"

डबी मागे घेतली. मेढीला नव्याने हळदकुंकू, नवा नारळ, नवीन सूत झालं. शिवाय, पुन्हा कोणाला तसली बुद्धी होऊ नये म्हणून देवाजींनी मेढीच्या बुडाशी दोन हात उंचीचा मातीचा ओटा बांधून घेतला. आता चार बोटांच्या जागी चांगली हातभर जागा कमी झाली. नूर मोहम्मदने पेटी बंद केली.

एकदा मोटार निघत नाही म्हटल्यावर लग्नघराने तिचा संसार मांडला. घरभर पाहुणे, कुलूप लागणारी जागा ती एवढीच, म्हणून सुगंधाबाईंनी लाडवांची टोपली पुढे पाय ठेवायच्या जागी ठेवली. आचाऱ्यांनी मडगार्ड घासूनपुसून त्यांत पुऱ्या निथळत टाकल्या आणि असं भांडं आपण कुठल्याच लग्नात पाहिलं नाही अशी तारीफ केली. भैयाजींची म्हातारी आत्या शकुबाई, जिला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, ती मागच्या गादीवर जी आडवी झाली ती उठायला तयार होईना. इतकी मऊ जागा तिला उभ्या जन्मात मिळाली नव्हती. कोणी हलवलं की ती विचारी, "आली का सिंदेवाही?" आणि कूस बदले.

लग्नाच्या दिवशी वरात आली. लटारू पाटील मेढीला वळसा घालून आत आले, बिनमडगार्डची मोटार त्यांनी पाहिली, तिच्यात झोपलेली म्हातारी पाहिली, आणि भैयाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इवाई, मोटारीनं येईन म्हनलं होतं तुमी पोरगी. ही मोटार येते, का पोरीलेच इथी ठेवता?"

सगळे हसले. भैयाजीही हसले. पण जेवणाच्या पंगतीत ते एकाच पानावर दोनदा तूप वाढत होते, आणि कोणी काही विचारलं की ते भलत्याचंच उत्तर देत होते. त्यांची नजर राहून राहून डोमाकडे जाई. डोमा मुंडावळ्या, बाशिंग, हातात कट्यार अशा थाटात बसला होता आणि नेहमीप्रमाणे गप्प होता.

संध्याकाळी पाठवणीची वेळ झाली. फाटकाबाहेर लटारू पाटलांची रेंगी जुंपून उभी राहिली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आत आला तसे भैयाजी मोटारीच्या नाकाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि नसलेली धूळ पंच्याने पुसू लागले. आशा आईच्या गळ्यात पडून रडत होती. रडता रडता तिचं लक्ष बापाच्या पाठीकडे गेलं. ती डोळे पुसत जवळ आली.

"बाबूजी, ओसरीपासून मेढीपर्यंत तं मोटार जाते ना?"

"जाते. पन काय कामाची?"

"मंग मी मोटारीनंच चालली ना. घरातून मोटारीनं निंगाली. पुढं रेंगीत बसली. तुमी येवढंच म्हनलं होतं."

भैयाजी लेकीकडे बघतच राहिले. नूर मोहम्मद मात्र उडी मारून उठला. "क्यों नाई जाती, बेटी! शान से जाती! हटा रे सगळे!"

क्षणात मांडवाचा नूर पालटला. चुलींवरची माणसं बाजूला झाली, पाटपंगती आवरल्या, लाडवांची टोपली निघाली. शकुबाईला उतरवण्याचा प्रयत्न झाला, पण तिने मागची गादी दोन्ही हातांनी धरली. "राहू द्या म्हातारीले," सुगंधाबाई म्हणाल्या. मोटार ओसरीच्या पायरीशी लावली. आशा पुढे बसली. आता चाकामागची एकच जागा उरली, ती नवरदेवाची.

डोमा मोटारीजवळ आला, वाकला, आत डोकावला आणि पुन्हा सरळ उभा झाला. मग या लग्नातलं आपलं पहिलं वाक्य तो बोलला.

"बाशिंग मावत नाई आत. मी पायी चालतो बाजूनं. मामाजी, तुमी बसा."

"अवो पन," देवाजींनी रीत काढली, "नवरीसंगं नवरदेवच..."

"मावतच नाई तं काय करू?" डोमा म्हणाला आणि बाजूला झाला.

नूर मोहम्मदने भैयाजींना चाकामागे बसवलं. "तुमीच धरा. तीस हात वाट, कोनाले धडकनार? मी हँडल मारतो अन् संगं चालतो." त्याने पुढून हँडल मारलं. डबी खोकली, हादरली आणि घरघरली. सनई सुरू झाली. भैयाजींनी दोन्ही हातांनी चाक कासऱ्यासारखं ओढून धरलं आणि तोंडाने "हो, हो, हळू" असं म्हणायला सुरुवात केली. मोटार निघाली. मांडवाखालून, लोकांच्या मधून, अक्षता झेलत ती गोगलगाईच्या चालीने दहा-बारा हात गेली आणि बंद पडली.

"काई नाई, काई नाई!" नूर मोहम्मद हँडल मारू लागला. डबीने दाद दिली नाही. त्याने झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. उघड्या झाकणामुळे पुढची माणसं दिसेनाशी झाली. बाजूच्या खिडक्यांवर झुकल्या मांडवाची जांभळीची पानं लोंबत होती. मागे शकुबाई घोरत होती. चार दिवसांच्या त्या गर्दीगोंगाटात बापलेक पहिल्यांदाच दोघं एकटी बसली होती.

भैयाजींना पुष्कळ बोलायचं होतं. पहाटे विहिरीवर एकटी जाऊ नको म्हणायचं होतं. सासऱ्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नको, जेवण टाळू नको, बरं वाटलं नाही तर कोणाच्याही हाती निरोप दे, हे सगळं म्हणायचं होतं. लहानपणी तू धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्यावर झोपायचीस आणि मी तुला पाठीवर घेऊन यायचो, हेही सांगायचं होतं.

शेवटी ते म्हणाले, "काच वर कर. धूळ येते."

मांडवात सकाळपासून चार वेळा सडा पडला होता. धुळीचा कण नव्हता. आशाने काच वर केली.

"बाबूजी," ती म्हणाली, "मी बरी राहीन."

भैयाजींनी मान हलवली. ते चाकाकडे बघत होते आणि त्यांना चाक दिसत नव्हतं. तेवढ्यात मोटारीला हिसका बसला, नूर मोहम्मद "बिसमिल्ला!" म्हणून ओरडला, आणि मागून शकुबाईने विचारलं, "आली का सिंदेवाही?"

आशा रडता रडता फस्सकन हसली. हसतच ती मेढीशी उतरली, नवऱ्यामागून वळसा घालून बाहेर गेली आणि रेंगीत बसली. लटारू पाटील भैयाजींना म्हणाले, "इवाई, बोलल्याचं खरं केलं. नाई म्हनता येत नाई." त्यांनी हे हसत म्हटलं असलं तरी त्यात कुचेष्टा नव्हती.

मांडवपरतणी, म्हणजे लेक-जावयाचं लग्नानंतरचं पहिलं येणं, पंधरवड्यात व्हायची, ती लटारू पाटलांकडे कोणी आजारी पडल्याने लांबत गेली. आशा आणि डोमा आले ते थेट ज्येष्ठ उतरता उतरता. मांडवाच्या फांद्या वाळून झडल्या होत्या. पण मेढ सालईची होती, लग्नातलं सगळं हातधुणं तिच्या बुडाशी ओतलं गेलं होतं, आणि देवाजींनी ओटा बांधून तिला आयती मातीही दिली होती. मेढीला पालवी फुटली होती.

"हिरवी मेढ कोनी उपटत नाई," देवाजींनी तिथल्या तिथे रीत सांगितली. "अशी फुटली म्हनजे पोरीचं बस्तान बसलं."

नूर मोहम्मद मडगार्ड घेऊन मुद्दाम आला होता. त्यांतून तुपाचा वास अजून जात नव्हता. "तो भिंत पाडू का, भैयाजी? आता तं कोनी नाई म्हनत नाई."

भैयाजींचं लक्ष नव्हतं. फाटकाबाहेर ते रेंगीतून आशाचं गाठोडं काढायला वाकले होते आणि त्यांचं डोकं छपराच्या बांबूवर दणकन आपटलं होतं. डोकं चोळत ते थोडा वेळ त्या छपराकडे बघत राहिले. मग आत आले, मोटारीत बसले, आणि आपल्या टाळूवर हात ठेवून वरची जागा चाचपली. पुन्हा बाहेर गेले, रेंगीत चढून बसले, पुन्हा आपटले. रेंगीचं छप्पर मोटारीपेक्षा चांगलं चार बोटं ठेंगणं होतं.

"आशा," त्यांनी हळूच हाक मारली. "त्या दिवशी रेंगीत जावईबापूनं बाशिंग काढलं होतं का?"

"नाई जी. घरचा उंबरठा ओलांडेपर्यंत काढतेत का? मान खाली घालूनच बसले सिंदेवाहीपर्यंत. दोन दिवस मान धरून होती."

"मंग मोटारीत काऊन नाई बसला?"

आशा पदराशी चाळा करत हसली. "मीनं बी इचारलं. म्हने, एकच तं जागा होती."

भैयाजींनी ओसरीकडे पाहिलं. डोमा तिथे पाटावर, गुडघे हनुवटीशी घेऊन, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा बसला होता. पोरगं नुसतं उंच नव्हतं.

"नूरभाऊ," भैयाजी म्हणाले, "भिंतीचं मंग पाहू. पह्यले हँडल मार."

त्यांनी जावयाला हाताला धरून उठवलं आणि मोटारीत बसवलं. डोमा तीन ठिकाणी घडी होऊन आत मावला. शकुबाई मागच्या गादीवर होतीच. ती लग्नापासून उतरलीच नाही असं गावात म्हणत. डबी घरघरली, ओसरीपासून निघाली, मेढीच्या दिशेने दहा-बारा हात गेली, आणि आपल्या ठरलेल्या जागी बंद पडली. नूर मोहम्मदने झाकण उघडून आत डोकं घातलं.

सासरा आणि जावई समोरच्या झाकणाकडे बघत बसले. दोघांनाही मनातलं बोलायची सवय नव्हती. मग भैयाजींनी घसा खाकरला.

"जावई," ते म्हणाले, "काच वर करा. धूळ येते."

डोमाने बाहेर पाहिलं. कुठे धुळीचा कण नव्हता. त्याने मुकाट्याने काच वर केली.